पहिलीत येण्याआधी मुलाला काय यायला हवं? उर्दू-मराठी घरांसाठी थोडी माहिती

विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी अमरावती, अकोला, अचलपूर, बाळापूरकडचे पालक आम्हाला हमखास विचारतात, "सर, अलिफ-बे, एबीसीडी पाठ आहे. चालेल ना?" चालेल. पण आम्हा शिक्षकांना आधी दुसरंच काही हवं असतं.

एक गोष्ट स्पष्ट करू. पुढची यादी प्रवेशाची अट नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही.

स्वतःची कामं: चप्पल घालणं, डबा उघडणं, हात धुणं, आपलं आणि अम्मी-अब्बांचं नाव सांगणं.

गरज सांगणं: आमच्या मराठी वर्गात एक मूल तीन दिवस गप्प बसून होतं. चौथ्या दिवशी कळलं, लघवीला जायचं मराठीत कसं विचारावं हेच त्याला माहीत नव्हतं. आम्ही त्याला 'मंद' समजत होतो. चूक त्याची नव्हती, आमची होती. "पाणी पिऊ का?", "बाहेर जाऊ का?", "समजलं नाही" एवढी तीन वाक्यं घरी शिकवा.

हाताची तयारी: पेन्सिलीआधी बोटांत जोर यावा लागतो. शेंगा सोलणं, डाळ निवडणं, पीठ मळणं हीच त्याची तयारी.

मोजणं: शंभरपर्यंत पाठ म्हणणारं मूल कधी कधी सात वाट्या मोजून देऊ शकत नाही. दहापर्यंतच मोजा, पण वस्तू हातात घेऊन.

लिहिण्याची दिशा: उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे, आकडे मात्र दोन्हींत डावीकडूनच. मकतबात जाणारं मूल मराठीची वही उलट्या बाजूने उघडतं तेव्हा रागावू नका. 'इथून सुरू' म्हणून पानावर एक ठिपका द्या.

मराठी कानावर पडणं: उर्दूत 'ळ' आणि 'ण' साठी स्वतंत्र अक्षरं नाहीत. म्हणून 'बाळ'चं 'बाल' होतं आणि अर्थच बदलतो. 'किताब' स्त्रीलिंगी, तर 'पुस्तक' नपुंसकलिंगी. त्यामुळे 'माझी पुस्तक' ऐकू येतं. उर्दूत जेर-जबर-पेश बहुधा लिहीत नाहीत, मराठीत मात्रा सोडून चालत नाही. या चुका बुद्धीच्या नाहीत, दोन भाषांच्या आहेत. शेजारच्या मुलांशी खेळणं, बाजारात मराठीत दोन शब्द बोलणं, याने बरंच काम होतं. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे, म्हणून ही तयारी उर्दू शाळेतल्या मुलांच्याही कामी येते.

घरची उर्दू मात्र बंद करू नका. ज्या भाषेत मूल गोष्ट सांगतं, त्याच भाषेत ते विचार करायला शिकतं. मराठी त्यावर उभी राहते.

आणि घाई नको. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टही तिसरीच्या अखेरीपर्यंत समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, असंच आहे. जिल्हा परिषद शाळांत 'पहिले पाऊल' हा शाळापूर्व तयारी मेळावा भरतो. तिथे अम्मीनेही मुलासोबत जावं. घरी काय खेळायचं, ते तिथे समजतं.

रोज रात्री दहा मिनिटं मुलाचं ऐका. आमचं अर्धं काम तिथेच होतं.