चीकी राफिकी : पाणी येतंय कुठून?

अपघाताच्या काही वर्षं आधी

चीकी राफिकी या होडीच्या अपघाताचं घड्याळ भर अटलांटिकमध्ये सुरू झालं नाही. होडीचा तळ जमिनीला टेकला, तो दुरुस्त झाला आणि होडी पुन्हा पाण्यात गेली, तिथपासून ते चालू होतं. म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

चीकी राफिकी ही फर्स्ट ४०.७ जातीची चाळीस फुटी शिडाची होडी. शर्यतीत पळणारी, आणि पोटात बंक, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याच्या टाक्या असल्याने आठवडेच्या आठवडे जिच्यात राहता येतं अशी. हिचा तळ म्हणजे फायबरग्लासचं कवच. कवचाच्या आतून उभ्या-आडव्या पट्ट्यांचा, फायबरग्लासचाच एक सांगाडा चिकटवलेला असतो. त्याला मॅट्रिक्स म्हणतात. आणि खाली कील : काही टन वजनाचा धातूचा पंख, तळातून आरपार गेलेल्या बोल्टांनी जखडलेला. वारा शिडं दाबतो, होडी कलते, कील तिला परत उभी करतं. ही सगळी ओढाताण अखेर त्या बोल्टांभोवतीच्या थोड्याशा जागेवर येते आणि तिथून मॅट्रिक्स ती तळभर वाटून देतं.

कील खडकाला किंवा वाळूला लागलं की त्याचं खालचं टोक जागीच अडतं आणि वरची होडी पुढे जाऊ पाहते. कीलची मागची कड तळात वर घुसू पाहते, पुढचे बोल्ट खाली ओढले जातात. या हिसक्याने मॅट्रिक्सचा चिकटवलेला जोड उकलू शकतो. बाहेर एखादा ओरखडा दिसतो, तो घासून रंगवला की झालं. आतला जोड मात्र मॅट्रिक्सच्याच खाली असतो. पायाखालच्या फळ्या उचलल्या तरी तो नजरेला पडत नाही. चीकी राफिकीचा तळ असा आधी टेकलेला होता. तिच्या कीलची आणि मॅट्रिक्सची दुरुस्तीही झालेली होती.

४ मे २०१४ : उलटण्याला बारा दिवस

अँटिग्वा सेलिंग वीकमधल्या शर्यती आटोपून होडी परत निघाली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनकडे. होडीवर चौघे. कप्तान बावीस वर्षांचा, दुसराही बाविशीतलाच, बाकीचे दोघे पन्नाशी ओलांडलेले. कॅरिबियनचा मोसम संपला की मे महिन्यात कितीतरी होड्या अशा युरोपकडे परततात. वाटेत अझोरेस बेटांवरचं होर्ता बंदर हा त्यांचा नेहमीचा थांबा.

१४ मे : उलटण्याआधीचे दोन दिवस

होडीत पाणी साचू लागलं.

होडीवर राहणाऱ्याला पाणी दिसलं म्हणून धडकी भरत नाही. लांब पल्ल्याच्या होडीत कुठून ना कुठून पाणी येतच असतं : हॅचच्या रबरातून, डोलकाठीच्या बुडाशी, शाफ्टच्या ग्लँडमधून, सुकाणूच्या बेअरिंगमधून, संडासाच्या पाइपातून. ते उपसायचं, पुसायचं आणि मग शोधायचं. शोधणं हेच खरं चिवट काम. आजच्या सपाट तळाच्या होड्यांना पाणी साचायला खोल खड्डाच नसतो. होडी एका कुशीवर कलली की सगळं पाणी त्या कुशीला, बंकांखाली आणि कपाटांमागे पळतं. पंपाच्या तोंडाशी हवा, आणि बादलीभर पाणी पाच फूट पलीकडे. ज्या जागी पाणी दिसतं तिथून ते आलेलं असेलच असं नाही.

१५ मे : उलटण्याआधीचा दिवस

कप्तानाने किनाऱ्यावर, होडीचा कारभार पाहणाऱ्यांना ईमेल पाठवला. आशय असा : कालपासून बरंच पाणी येतंय, आज जास्त वाटतंय. उजवीकडची पाण्याची टाकी फुटली असावी, ती रिकामी केली आहे. तळ आणि सीकॉक तपासले, कुठे इजा दिसत नाही. हवा निवळली की पाण्यात उतरून खालून बघतो. होर्ता नऊशे मैलांवर आहे.

हा निरोप मी अनेकदा वाचला आहे आणि त्यात मला बेफिकिरी कुठेही सापडत नाही. कुठलाही अनुभवी नाविक ज्या जागा तपासेल त्याच जागा या मुलाने तपासल्या आहेत. तळाला आरपार गेलेल्या भोकांवरच्या झडपा, म्हणजे सीकॉक. कवच. आतले पाण्याचे साठे. वर अंतर मोजून ठेवलं आहे, वाटेवरचं बंदर हेरून ठेवलं आहे.

पण टाकी फुटली हा खुलासा फार सोयीचा असतो. टाकीतलं पाणी मोजकं असतं. उपसलं की संपतं. समुद्र संपत नाही. अशा वेळी होडीवरची जुनी माणसं बोट बुडवून जिभेला लावतात : गोडं की खारं? एरवी ही परीक्षा चोख आहे. वादळी हवेत मात्र हॅच उघडला की फवारा आत येतो, ओल्या कपड्यांतून निथळतं, टाकीचं आणि समुद्राचं पाणी एकमेकांत मिसळतं, आणि जीभ काहीच निश्चित सांगत नाही. मग उरतो एकच मार्ग. टाकी रिकामी करायची, तळ सुक्या फडक्याने पुसून काढायचा, आणि कीलच्या बोल्टांपाशी विजेरी धरून बसायचं. होडी या लाटेवरून त्या लाटेवर आपटताना बोल्टाच्या बुडाशी पाण्याची रेघ जाड-बारीक होते का, मॅट्रिक्सची पट्टी आणि कवच यांच्यात केसाएवढी फट उघडते-मिटते का, हे बघायचं. उसळत्या समुद्रात, ओकारी दाबत, तासन् तास.

आणि तिथे काही हललंच, तर टाकीचा विचार तिथेच सोडायचा. शीड कमी करायचं, वेग उतरवायचा, होडी कलणार नाही अशा दिशेला वळवायची. कारण होडी जेवढी कलेल आणि आपटेल, तेवढं कील बाजूला मुडपलं जातं आणि तेवढे बोल्ट सैलावतात. लाइफराफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा तराफा, जागेवरून काढून हाताशी बांधायचा. लाइफजॅकेट आणि धोक्याचा इशारा देणारे बीकन अंगावर चढवायचे, झोपायचंसुद्धा ते घालूनच. आणि मदत मागायची; होडी तरंगत असतानाच मागायची.

त्या दिवशी समुद्र निवळत नव्हता, बिघडत चालला होता. पाण्याखाली उतरून कीलची मुळं बघणं, हा बाहेरून मिळू शकणारा पुरावा, हवेने हिरावून घेतला होता.

१६ मे, पहाटे सुमारे ४:००

नोवा स्कोशियाच्या आग्नेयेला, थोडं पूर्वेकडे, साधारण ७२० मैलांवर कील सुटून होडी उलटली.

कील सुटलं की वर उंच डोलकाठी आणि वारा भरलेली शिडं, खाली काहीच नाही. कलणारी होडी थांबवायला आता काहीही नसतं. आत बंकवर असलेल्या माणसाच्या डोक्यावरचं छत पायाखाली येतं. अंधार, तरंगणाऱ्या गाद्या, डिझेलचा वास. जे बाहेर असतील ते पाण्यात, दोऱ्यांच्या गुंत्यात. लाइफराफ्ट होडीच्या ज्या भागात ठेवलेला असतो, तो भाग आता पाण्याखाली.

४:०५

कप्तानाच्या वैयक्तिक बीकनचा इशारा आला. हे खिशात मावणारं यंत्र असतं. ते हाताने उघडून चालू करावं लागतं आणि त्याची अँटेना आकाशाकडे धरून ठेवावी लागते. त्या इशाऱ्यावर अमेरिकन तटरक्षक दलाने मोठा शोध सुरू केला, विमानं धाडली, परिसरातल्या जहाजांना वळवलं.

१७ मे, दुपारी २:००

मेर्स्क कुरे या मालवाहू जहाजाला एका लहान होडीचं उलटं कवच दिसलं. जहाजाने फोटो घेतले. खवळलेल्या समुद्रात एवढ्या अजस्र जहाजाला त्या कवचाजवळ जाऊन ठोकून बघणं शक्य नव्हतं.

१८ मे, सकाळी ९:४०

शोध थांबवला. त्या पाण्यात, त्या हवेत माणूस अंदाजे वीस तास तग धरेल, असा तटरक्षक दलाचा हिशेब होता आणि शोध त्याच्या दुपटीहून जास्त वेळ चालला होता.

२० मे, सकाळी ११:३५

शोध पुन्हा सुरू झाला. कुटुंबीयांनी हाक दिली, दोन लाखांहून अधिक लोकांनी मागणीवर सह्या केल्या, ब्रिटिश सरकारने अमेरिकेला रीतसर विनंती केली. या हट्टाला मी भाबडेपणा म्हणणार नाही. १९८५ साली फास्टनेट शर्यतीत ड्रम या होडीचं कील तुटलं, ती उलटली, आणि आत अडकलेली माणसं जिवंत बाहेर काढली गेली. १९९७च्या जानेवारीत टोनी बुलिमोर हा नाविक दक्षिण महासागरात कील तुटून उलटलेल्या होडीच्या पोटात चार दिवस जिवंत राहिला. ऑस्ट्रेलियन नौदलाच्या माणसांनी कवचावर ठोकलं तेव्हा तो पोहून बाहेर आला. ज्यांच्या घरची माणसं समुद्रात होती त्यांना ही उदाहरणं ठाऊक होती. आणि लाइफराफ्टचा पत्ता लागलेला नव्हता, म्हणजे चौघे त्यात असण्याची शक्यता शिल्लक होती.

२३ मे, दुपारी ३:३५

अमेरिकन युद्धनौका ऑस्कर ऑस्टिनला उलटं कवच सापडलं आणि या वेळी ओळख पटली : चीकी राफिकी. पाण्यात उतरलेल्या माणसाने तपासलं. आत पाणी भरलेलं, माणूस कुणी नाही. लाइफराफ्ट त्याच्या नेहमीच्या जागी होता. चौघे कधीच सापडले नाहीत.

एप्रिल २०१५

ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी शाखेचा अहवाल आला. वर दिलेल्या वेळांच्या नोंदी त्यातल्याच आहेत. कवचाला आणि सुकाणूला दुसरी इजा नव्हती, त्यामुळे पाण्याखाली काही धडकलं असण्याची शक्यता कमी धरली गेली. आधी तळ टेकणं आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी मिळून कीलची जागा कमजोर केली असावी, एखाददुसरा बोल्टही झिजलेला असावा, असं अहवालाने मांडलं. बोल्टांविषयीची ही शंका जाणकारांना नवी नाही. स्टेनलेस स्टील हवेत चकचकीत राहतं, पण दोन भागांच्या फटीत, जिथे खारं पाणी मुरतं आणि प्राणवायू पोचत नाही, तिथे ते आतल्या आत खड्डे पडून पोखरलं जातं. वरचा नट लखलखत असतो.

अहवालातली एक गोष्ट प्रत्येक होडीमालकाने आणि दुरुस्तीच्या यार्डाने भिंतीवर लिहून ठेवावी असं मला वाटतं : मॅट्रिक्सचा जोड उकलायला मोठा आघात लागत नाही, तळ हलकासा टेकला तरी तो उकलू शकतो. म्हणजे “जरासं टेकलं होतं” एवढी नोंद पुरत नाही. टेकलं तेव्हा होडी कोण चालवत होतं, कुठे, किती वेगात, हे वहीत लिहायचं आणि पुढच्या कप्तानाच्या हाती द्यायचं. होडी पाण्याबाहेर काढली की बोल्टांभोवती छोट्या हातोडीने ठोकत जायचं. चिकटलेला जोड ठणठणीत वाजतो, सुटलेला भद्द. शंका आली तर कील उतरवायचं, खर्च कितीही येवो. हे काम यार्डातच होतं, सुक्या जमिनीवर आणि उजेडात. बावीस वर्षांच्या त्या कप्तानाकडे यातलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे एक पंप होता, एक विजेरी होती आणि कारण सांगायला एक टाकी होती.