सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांना प्राणीसंग्रहालयात इंटर्नशिप करायची असेल तर कुठे आणि कशी?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे कॉलेजच्या अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं. ४ क्रेडिटसाठी साधारण १२० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं. रोज ६ तास धरले तर हे २० दिवसांचं काम झालं. कॉमर्सच्या मुलांना सीएचं ऑफिस तालुक्यातच सापडतं. पण झूऑलॉजी, पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्यांची अडचण होते, कारण सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मोठं प्राणीसंग्रहालय नाही. मग कुठलं तरी ऑनलाइन सर्टिफिकेट जोडून मोकळं होण्याचा मोह होतो. पण प्राण्यांसोबतचं काम खरंच शिकायचं असेल, तर रस्ते आहेत.

सगळ्यात जवळचं: कात्रज

पुणे महापालिकेचं राजीव गांधी प्राणीसंग्रहालय पुणे-सातारा रस्त्यावर, कात्रजला आहे. साताऱ्याहून अंतर साधारण १०० किलोमीटर. सांगलीकरांना मात्र पुण्यात राहण्याची सोय बघावी लागते.

इथे आधी सर्पोद्यान आलं. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने ते १९८६ साली सुरू झालं. पुढे १९९९ मध्ये प्राणीसंग्रहालय उघडलं आणि शहरातल्या पेशवे पार्कातले प्राणी इथे हलवले गेले. तलावासकट हा परिसर सुमारे १३० एकरांचा आहे. बुधवारी तो लोकांसाठी बंद असतो.

इंटर्न नेमकं काय करतो?

वाघाच्या बछड्याला बाटलीने दूध पाजायला मिळेल, ही कल्पना आधी डोक्यातून काढावी. प्राण्यांना हात लावणं हे काम डॉक्टर आणि प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचं असतं. विद्यार्थ्याच्या वाट्याला साधारण ही कामं येऊ शकतात:

- वर्तनाच्या नोंदी: एक प्राणी ठरवून दर ५ किंवा १० मिनिटांनी तो काय करतोय ते तक्त्यात लिहायचं. झोप, चालणं, खाणं, एकाच वाटेवर येरझाऱ्या. येरझाऱ्या वाढल्या तर प्राणी कंटाळलाय किंवा ताणाखाली आहे, असा संशय घेता येतो.
- आहार: कुणाला काय, किती दिलं आणि किती उरलं, याचा हिशोब.
- पिंजऱ्यातलं वातावरण: खाणं लपवून ठेवणं, ओंडके, नवे वास यांनी प्राण्याला गुंतवून ठेवण्याचे प्रयोग आणि त्यांच्या नोंदी.
- पर्यटकांशी संवाद: माहिती सांगणं, फलक तयार करणं. इथे आर्ट्स आणि मास मीडियाच्या मुलांनाही वाव आहे.

घरी गोठा असेल तर हे वाचाच

जुलै २०२५ मध्ये कात्रजला डझनाहून जास्त चितळ दगावले. तपासणीत लाळ्या-खुरकूत रोगाचं निदान झालं. हा गाई-म्हशींचा ओळखीचा रोग. त्याचा विषाणू माणसाच्या चपला-बुटांवरून आणि कपड्यांवरूनही पसरू शकतो. सातारा-सांगलीच्या अनेक मुलांच्या घरी दुभती जनावरं असतात. सकाळी धार काढून त्याच बुटांवर हरणांच्या पिंजऱ्याजवळ जाणं महागात पडू शकतं. म्हणून वेगळे बूट, धुतलेले कपडे आणि गोठ्यात आजार असेल तर तसं आधीच सांगणं, हा इंटर्नशिपचा पहिला नियम समजावा.

जिल्ह्यातच राहून काय करता येईल?

सागरेश्वर अभयारण्य (सांगली): यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाजवळ, देवराष्ट्रेनजीकचं हे अभयारण्य १०.८७ चौरस किलोमीटरचं आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून उजाड डोंगरावर उभं राहिलेलं हे मानवनिर्मित अभयारण्य. चितळ, सांबर, काळवीट इथे आहेत. हरणांच्या नोंदी शिकायला चांगली जागा.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प: कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये झाला. क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर, क्षेत्र संचालकांचं कार्यालय कोल्हापुरात. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात संशोधन करायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्यांचं कार्यालय नागपूरला. त्यामुळे अर्ज काही महिने आधी गेलेला बरा.

शिरवळ (सातारा): इथलं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ सालचं. वन्यप्राण्यांचा डॉक्टर व्हायचं असेल तर सुरुवात पशुवैद्यकाच्या पदवीपासून होते. साडेपाच वर्षांच्या या अभ्यासक्रमात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिपचंच असतं. ज्या विद्यापीठाचं हे कॉलेज, त्या ‘माफसू’चं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ गोरेवाड्यात आहे.

अर्ज कसा करायचा?

१. विभागप्रमुख किंवा प्राचार्यांच्या सहीचं पत्र घ्या. अर्ज संचालकांच्या किंवा वनाधिकाऱ्यांच्या नावे करा.
२. विषय नेमका लिहा. ‘प्राण्यांची आवड आहे’ यापेक्षा ‘सांबरांच्या दुपारच्या हालचालींच्या २० दिवसांच्या नोंदी’ हे वाचणाऱ्याला लगेच समजतं.
३. तारखा, रोजचे तास आणि कॉलेजला हवा असलेला अहवालाचा नमुना जोडा.
४. अपघात विमा, धनुर्वाताची लस आणि मानधन याबद्दल आधीच विचारून घ्या. मानधन मिळेलच असं धरू नका.
५. कुणी सर्टिफिकेटसाठी पैसे मागितले, तर त्या संस्थेच्या कार्यालयात खातरजमा करा.

आणि रीलचं काय? पिंजऱ्यामागचे, उपचार सुरू असलेल्या प्राण्यांचे फोटो परवानगीशिवाय टाकू नयेत. साप हातात धरून काढलेला व्हिडिओ तर थेट कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकतो. १२० तासांनंतर सोबत न्यायची गोष्ट म्हणजे नोंदींची वही. पुढच्या मुलाखतीत सर्टिफिकेटपेक्षा त्या वहीवरच जास्त बोलता येतं.