कोकण किनाऱ्यावरील मत्स्यसाठ्यांचे चढउतार आणि पकडीच्या नोंदींचे साधनमूल्य

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून उपलब्ध पाणी ठरविले जाते व त्यानुसार पिकांचे नियोजन होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या सामाईक साठ्याचे असे मोजमाप शक्य होते, कारण पाणलोटाला सीमा असते. समुद्रातील मासळीला ती नसते. तिचे प्रमाण स्थळकाळानुसार बदलते आणि अभ्यासकाच्या हाती प्रामुख्याने पकडीच्या नोंदी येतात. या नोंदी साठ्याविषयी नेमके काय सांगतात, याचा विचार प्रस्तुत लेखात कोकण किनाऱ्याच्या संदर्भात केला आहे.

बोंबील हा स्थलपरत्वे भिन्नतेचा ठळक नमुना होय. सौराष्ट्र, दक्षिण गुजरात व उत्तर कोकण येथे तो विपुल असतो; रत्नागिरीच्या दक्षिणेस दुर्मीळ होतो आणि पुन्हा बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात आढळतो. सातपाटी, अर्नाळा, उत्तन, वेसावे येथील कोळी तो डोल जाळ्याने पकडतात. हे पिशवीसारखे जाळे एका जागी बांधून ठेवतात व भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर मासळी त्यात शिरते. ओढ जोरदार नसेल तेथे डोल निरुपयोगी ठरते. म्हणजेच बोंबलाची नोंद ही काही अंशी प्रवाहाचीही नोंद असते.

तारली व बांगडा यांच्या बाबतीत कालपरत्वे होणारा बदल अधिक तीव्र आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागात खोल पाण्यातील थंड, पोषक पाणी वर येते, प्लवक वाढतात आणि त्यांवर हे मासे पोसले जातात. तारलीचे आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचे. एका हंगामात पैदास फसली की पुढच्याच हंगामात जाळी रिकामी राहतात. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली. २०२१ मध्ये ती अवघी साडेतीन हजार टनांच्या आत आली. हा प्रश्न नवा नाही. मद्रास सरकारने १९४३ मध्येच लहान तारली पकडण्यावर निर्बंध घातले होते. यांत्रिक नौका त्यानंतरच्या आहेत, हे येथे विसरता येत नाही.

मात्र निसर्गाकडे बोट दाखवून माणसाला मोकळे सोडणेही इतिहासाला धरून होणार नाही. सिंधुदुर्ग व गोव्यात बांगड्याचे थवे किनाऱ्याजवळ आले की रापण लावली जाई. ती ओढायला अनेक कुटुंबांचे हात लागत आणि मासळीचे वाटे पडत. १९७० च्या दशकात या पट्ट्यात पर्ससीन जाळी आली आणि थवा किनाऱ्याला लागण्यापूर्वीच खोल पाण्यात वेढला जाऊ लागला. त्यामुळे एकूण पकड वाढल्याची नोंद झाली, तरी रापणीच्या वाट्याला टंचाई आली. एकच आकडा दोन गटांसाठी दोन अर्थांचा होता. गोव्यातील रापणकारांच्या आंदोलनानंतर १९८० मध्ये तेथे आणि १९८१ मध्ये महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. राज्याचा अधिकार १२ सागरी मैलांपर्यंत. थवे ही रेषा जाणत नाहीत.

नोंदींच्या मर्यादेचे अलीकडील उदाहरण २०१९ चे आहे. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्राची पकड २०१८ मधील २.९५ लाख टनांवरून २.०१ लाख टनांवर, म्हणजे ४५ वर्षांतील नीचांकावर आली. परंतु त्या वर्षी ऐन हंगामात ‘क्यार’ व ‘महा’ ही चक्रीवादळे आली होती आणि नौका कित्येक दिवस बंदरातच होत्या. समुद्रात मासळी किती घटली, हे या आकड्यातून वेगळे काढता येत नाही.

तरीही धोरण याच आकड्यांवर उभे राहते. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने महाराष्ट्र शासनाने पर्ससीन मासेमारीला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच काळ दिला. बांगडा किनाऱ्याजवळ येतो आणि रापणकार त्याची वाट पाहत असतो, तेही हेच महिने आहेत.