तळेगांवचें समर्थ विद्यालय

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल गाडी देहूरोड सोडल्यावर बेगडेवाडी आणि घोरावाडी या दोन लहान स्थानकांवर थांबून तळेगांवास पोहोंचते. या वाटेनें नित्य जाणाऱ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल कीं, महाराष्ट्रांतील राष्ट्रीय शिक्षणाचा एक मोठा प्रयोग याच तळेगांवीं झाला. त्या शाळेचें नांव समर्थ विद्यालय, आणि तिचे धुरीण प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर.

विजापूरकरांचा जन्म १८६३ सालचा, कोल्हापूरचा. तेथील राजाराम कॉलेजांत ते अनेक वर्षें प्राध्यापक होते. १८९४ पासून ‘ग्रंथमाला’ मासिक चालवून त्यांनीं मराठी वाचकांस ज्ञानाचीं पुस्तकें घरपोंच केलीं. कॉलेजची नोकरी सुटल्यावर दुसऱ्या एखाद्या संस्थानांत जागा पाहणें त्यांस अवघड नव्हतें. परंतु १९०६ सालीं, चाळिशी उलटून गेल्यावर, त्यांनीं नव्या शाळेची धुरा खांद्यावर घेतली. विद्यालय प्रथम कोल्हापुरांत निघालें व पुढें तळेगांवीं आलें.

तो काळ ध्यानांत घेतला पाहिजे. १९०५ सालीं वंगभंग झाला. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसनें स्वदेशी, बहिष्कार आणि स्वराज्य यांच्या जोडीस राष्ट्रीय शिक्षणाचाही पुरस्कार केला. त्याच वर्षीं अरविंद घोष बडोद्याची चाकरी सोडून कलकत्त्याच्या राष्ट्रीय कॉलेजाचे प्राचार्य झाले. जाणत्या शिक्षकांनीं सुरक्षित जागा सोडावी, असें त्या हवेंतच होतें.

सरकारी अनुदान नाकारणें म्हणजे काय, हें आज चटकन् उमगणार नाहीं. अनुदानामागून इन्स्पेक्टर येई, त्याच्यामागून नेमलेलीं पुस्तकें येत. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकानें तर विद्यार्थ्यांच्या व शिक्षकांच्या राजकारणावरही बंदी घातली. उलट, सरकारमान्यता नसली तर मुलास मॅट्रिकचें दार बंद, आणि मॅट्रिकवांचून कचेरींतील कारकुनीही दुर्लभ. तेव्हां अशा शाळेंत मूल घालणारा बाप आपल्या मुलाची नोकरीच पणास लावीत असे. शाळाप्रमुखाच्या माथ्यावर वेतनाच्या चिंतेहून हें विश्वासाचें ओझें अधिक होतें.

मुलास नोकरी नाहीं, तर काय द्यावयाचें? १९०८ सालीं बार्शीच्या व्याख्यानांत लोकमान्यांनीं राष्ट्रीय शिक्षणाचीं चार अंगें सांगितलीं: धर्मशिक्षण, परभाषेचा भार हलका करणें, उद्योगशिक्षण आणि राजकीय शिक्षण. त्याच वर्षीं अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडाचा कांचकारखाना तळेगांवींच उभा राहिला. माणशीं एकेक पैसा गोळा करून कारखाना, आणि लोकांच्या बळावर शाळा, असा तो सुंदर योग होता.

परंतु तो टिकला नाहीं. विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकांत श्री. दा. सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांविषयींचा लेख आला. त्यावरून राजद्रोहाचा खटला होऊन विजापूरकर आणि विद्यालयाचे तरुण शिक्षक वामन मल्हार जोशी या दोघांसही कारावास भोगावा लागला. १९१० सालीं सरकारनें विद्यालयच बंद केलें. शाळा चार वर्षांची, आणि तिचा प्रमुख तुरुंगांत!

येथें इतिहासाचा तराजू सरळ धरला पाहिजे. ज्या कोल्हापुरांत हें विद्यालय जन्मलें, तेथेंच शाहू महाराजांनीं १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें उघडलीं आणि १९१७ सालीं सक्तीचें मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें. तें कार्य राजसत्तेच्या बळावर झालें. म्हणून राजाश्रय तितका वाईट, असें सूत्र मांडतां येत नाहीं. शाळा कोणापासून मुक्त आहे, याबरोबरच ती कोणासाठीं मुक्त आहे, हाही प्रश्न विचारला पाहिजे. राष्ट्रीय शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर धैर्यानें दिलें. दुसऱ्याचें उत्तर मात्र महाराजांनीं अधिक स्पष्ट दिलें.

तरीही विजापूरकरांचें मोठेपण उणें होत नाहीं. कारावासानंतर ते ग्रंथलेखनांत निवांत राहूं शकले असते. परंतु १९१८ सालीं त्यांनीं तळेगांवीं विद्यालय पुन्हां उभें केलें. १९२६ सालीं त्यांचें निधन झालें. नवीन समर्थ विद्यालय या रूपानें तें नांव तळेगांवांत पुढेंही नांदत राहिलें.

अनेक वर्षें अनुदानित शाळांत शिकविलेल्या माझ्यासारख्या मास्तरास या चरित्रांत एक गोष्ट विशेष वाटते. शाळा उघडण्यास उत्साह पुरतो. उत्साहाची लाट आली कीं शेंकडों हात पुढें येतात. बंद पडलेल्या शाळेचें कुलूप पुन्हां उघडावयास जो येतो, त्याच्यामागें लाट नसते. तेथें त्याची निष्ठाच काय ती सोबतीला असते. पन्नाशी उलटलेल्या विजापूरकरांनीं तें कुलूप उघडलें, म्हणून १९०६ चा आरंभ वायां गेला नाहीं.