टोमॅटोचा हिशेब कुणी मांडायचा?

विद्यापीठांनी उद्योगांच्या हातात हात घालून संशोधन करावे, असे आपण नेहमी ऐकतो. पण असे संशोधन यशस्वी झाले की नाही, हे ठरवायचे कुणी? संशोधकांनी, कारखानदारांनी, की ज्यांच्या पोटापाण्यावर त्याचा परिणाम होतो त्यांनीही? अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील टोमॅटोच्या मळ्यांतून हा प्रश्न थेट न्यायालयात गेला.

टोमॅटोची सगळी फळे एकदम पिकत नाहीत. मजूर एकाच झाडाचे अनेक तोडे करतात आणि दर वेळी पिकलेली तेवढीच फळे काढतात. यंत्राला ही निवड कशी जमणार? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत कोबी लोरेन्झन या अभियंत्याने तोडणीयंत्राची रचना केली, तर जॅक हॅना या वनस्पती-पैदासतज्ज्ञाने यंत्राला मानवेल असा वाणच तयार केला. त्याची फळे साधारण एकाच वेळी पिकत आणि आदळआपट सोसत. यंत्र अख्खे झाड जमिनीलगत कापून उचलते आणि हलवून फळे सुटी करते. यंत्रावरच उभे असलेले मजूर कच्ची फळे व ढेकळे वेगळी काढत. हे यंत्र बनवण्याचे काम ब्लॅकवेल्डर या कंपनीने केले.

१९६४ च्या अखेरीस मेक्सिकोतून हंगामी मजूर आणणारी ‘ब्रासेरो’ योजना बंद झाली. मजूर मिळणार नाहीत या धास्तीने मळेवाले यंत्राकडे वळले. काही वर्षांतच सॉस व डबाबंद पदार्थांसाठी लागणाऱ्या टोमॅटोची तोडणी जवळजवळ संपूर्णपणे यंत्राने होऊ लागली.

मग हिशेब सुरू झाला. १९७० मध्ये श्मिट्झ आणि सेक्लर या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले, की संशोधनावरील खर्चाच्या मानाने समाजाला झालेला एकूण फायदा प्रचंड होता. काम गेलेल्या मजुरांना भरपाई देऊनही शिल्लक राहावी, इतका! मात्र अशी भरपाई कुणी दिली नव्हती. म्हणजे बेरीज बरोबर होती, पण वाटणीचे काय?

लँग्डन विनर यांनी १९८० च्या निबंधात दिलेले आकडे बोलके आहेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ४,००० टोमॅटो उत्पादक होते. १९७३ मध्ये सुमारे ६०० उरले. महागडे यंत्र छोट्या शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सुमारे ३२,००० रोजगार गेले होते. दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. वाकून तोडणी करणे हे कंबरडे मोडणारे काम होते, आणि यंत्र नसते तर हा धंदाच राज्याबाहेर गेला असता, असे यंत्राचे समर्थक म्हणत.

१९७९ मध्ये शेतमजूर आणि छोट्या शेतकऱ्यांच्या बाजूने विद्यापीठावर दावा दाखल झाला. सार्वजनिक पैशातून होणारे संशोधन मूठभर मोठ्या उद्योगांच्या फायद्याचे ठरते, असा आक्षेप होता. आधार होता १८८७ च्या हॅच कायद्याचा. याच कायद्याखाली कृषी संशोधन केंद्रांना केंद्र सरकारचे अनुदान मिळते. १९८७ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने सांगितले, की छोट्या शेतकऱ्यांच्या हिताचा विचार होतो की नाही हे पाहणारी पद्धत विद्यापीठाने आखावी. १९८९ मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला. कायदा अशी सक्ती करत नाही, असे ते म्हणाले.

दावा हरला, तरी प्रश्न उरलाच. मजुरांना कुणी विचारले तेव्हा वाण तयार झाला होता आणि यंत्र शेतात उतरले होते. मूल्यमापनात सर्वांचा सहभाग हवा असेल, तर तो संशोधनाचा विषय ठरतानाच हवा. पीक हाती आल्यावर नव्हे.

वर्गात हा विषय सहज घेता येईल. फळ्यावर संशोधक, कंपनी, मोठा मळेवाला, छोटा शेतकरी, मजूर आणि ग्राहक असे सहा रकाने आखावेत. प्रत्येकाला काय मिळाले, काय गेले आणि त्याला केव्हा विचारायला हवे होते, हे विद्यार्थ्यांनीच भरावे. मग आपल्या गावात आलेल्या एखाद्या यंत्रासाठी तेच रकाने पुन्हा आखावेत.