होकाराची बखर

इसवी सन १७४० हे साल युरोपच्या राजकीय इतिहासात ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धाच्या आरंभामुळे नमूद झालेले आहे; परंतु ज्या वाङ्मयप्रकाराला विद्वज्जनांनी फारशी सनद कधी दिली नाही आणि वाचकांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्यावर निस्सीम लोभ केला, त्या प्रणयकादंबरीच्या इतिहासात या सालाचे महत्त्व त्या युद्धाहून तसूभरही उणे नाही. या एकाच वर्षी लंडनमध्ये सॅम्युएल रिचर्डसन नावाच्या मुद्रकाची ‘पामेला’ ही पत्ररूप कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि याच वर्षी फ्रान्समध्ये मादाम द व्हिलनव्ह या लेखिकेने, अमेरिकेकडे निघालेल्या जहाजावर वेळ जावा म्हणून सांगितलेल्या कथांच्या मिषाने, सुंदरी आणि श्वापद यांची कथा प्रथम विस्ताराने लिहिली. आज इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांच्या ज्या असंख्य माला निघतात, त्यांच्या एका टोकाला जुन्या इंग्लंडातील उमराव व त्यांचे विधियुक्त प्रियाराधन असते, आणि दुसऱ्या टोकाला लांडग्याचे रूप धारण करणारा नरवृक नायक असतो. वरवर पाहता या दोहोंत कसलेच नाते दिसत नाही. परंतु दोन्ही शाखांचे मूळ त्या एकाच वर्षी रुजले आहे, आणि दोन्हींच्या गाभ्याशी एकच प्रश्न आहे, असे माझे मत आहे.

तो प्रश्न असा, की ज्याच्या हाती सर्व बळ आहे अशा पुरुषाला, जिच्या हाती काहीही नाही अशा स्त्रीच्या होकारासाठी थांबावयास लावणारी शक्ती कोणती? पामेला ही पंधरा वर्षांची दासी. तिची मालकीण मृत्यू पावते आणि घराचा कारभार तिच्या मुलाच्या हाती येतो. तो आमिष दाखवितो, दरडावतो, अखेर तिला पळवून नेऊन एका दूरच्या वाड्यात नजरकैदेत ठेवतो. मुलीजवळ शस्त्र म्हणून एवढेच असते, की तिला लिहिता येते. आईबापांना धाडण्यासाठी लिहिलेली आणि अंगावरच्या वस्त्रांत शिवून लपविलेली तिची पत्रे अखेर मालकाच्या हाती पडतात. ती वाचता वाचता, जिला तो आपली मालमत्ता समजत होता तिला स्वतःचे अंतःकरण आहे, ही गोष्ट त्याला प्रथमच उमगते. आणि मग तो रीतसर विवाहाची मागणी करतो. पुस्तकाचा खप इतका झाला, की इतरांनी परस्पर पुढचे भाग लिहून बाजारात आणले, आणि रिचर्डसनला स्वतःचा उत्तरभाग सिद्ध करणे भाग पडले. सुखान्त झाल्यावरही त्याच माणसांच्या सहवासात आणखी काही काळ राहावे, ही जी वाचकांची ओढ आजच्या कादंबरीमालांना पोसते, ती जन्मापासूनच या प्रकाराच्या अंगी होती.

फ्रेंच कथेत हाच प्रश्न अधिक उघडा केलेला आहे. तेथे श्वापदाचा वाडा ऐश्वर्याने भरलेला, आणि त्यात सुंदरी एकटी. दररोज रात्रीच्या भोजनानंतर श्वापद तिला एकच प्रश्न करतो, आणि ती दररोज नाही म्हणते. ज्याने एका फटक्यात तिचा जीव घ्यावा, असा तो बलाढ्य प्राणी तो नकार ऐकून घेतो आणि निघून जातो. सोळा वर्षांनी, १७५६ मध्ये, लंडनमध्ये मुलींना शिकविणाऱ्या मादाम लप्रँस द बोमाँ यांनी ही दीर्घ कथा आटोपशीर करून मुलांसाठी लिहिलेल्या आपल्या पुस्तकात दिली, आणि तेच रूप जगभर पसरले. दोघींच्या निवेदनांत भेद पुष्कळ आहेत; परंतु रात्रीचा तो प्रश्न, तो नकार आणि त्या नकाराचा राखलेला मान ही तीन अंगे दोहोंत कायम आहेत. पशूला माणूसपण येते ते मंत्रतंत्राने नव्हे, या प्रतीक्षेने येते, हे त्या कथेचे मर्म आहे.

हा होकार त्या काळी किती भारी होता, हे कळण्यास तत्कालीन कायदा पाहिला पाहिजे. १७५३ साली इंग्लंडात हार्डविक यांचा विवाहविषयक कायदा झाला आणि त्याने लपूनछपून होणाऱ्या लग्नांना पायबंद घातला. तीन रविवार चर्चमध्ये जाहीर पुकारा करणे किंवा परवाना काढणे आवश्यक ठरले, आणि परवान्याने लग्न करणारा एकवीस वर्षांच्या आतील असल्यास वडिलांची संमतीही सक्तीची झाली. स्कॉटलंडात हा कायदा लागू नव्हता, म्हणून सरहद्दीवरील ग्रेटना ग्रीन या गावी पळून जाणाऱ्या युगुलांची रीघ लागली, आणि ऐतिहासिक प्रणयकादंबरीला तिचा एक नित्याचा प्रसंग मिळाला. लग्न लागले, की स्त्रीचे कायदेशीर अस्तित्वच पतीच्या अस्तित्वात विलीन होई. तिची जंगम मिळकत त्याची होई, आणि स्वतःच्या नावाने करारनामा करण्याचाही अधिकार तिला उरत नसे. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ही स्थिती पालटू लागली. त्याआधी विवाहाची मागणी घालणाऱ्या पुरुषाला उत्तर देण्याचा तो एक क्षण हाच पुष्कळ स्त्रियांच्या आयुष्यातील खऱ्या सत्तेचा एकमेव क्षण होता. १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिन यांच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये एलिझाबेथ बेनेट ही स्वतःची फारशी मिळकत नसलेली मुलगी डार्सीसारख्या धनाढ्याला प्रथम साफ नकार देते, त्या प्रसंगाचे तेज या पार्श्वभूमीवरच पुरते डोळ्यांत भरते.

या कादंबऱ्या घरोघर पोहोचल्या त्या फिरत्या वाचनालयांच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत दीड गिनी असे. मध्यमवर्गीय घराला ती विकत घेणे परवडणारे नव्हते. चार्ल्स एडवर्ड म्यूडी याने १८४२ साली पुस्तके भाड्याने देण्यास सुरुवात केली, आणि वर्षाला एक गिनी वर्गणी भरणाऱ्यास एका वेळी एक खंड न्यावा, वाचून परत करावा, दुसरा न्यावा, अशी वहिवाट पाडली. पहिला खंड ऐन अडचणीच्या प्रसंगी संपविणे आणि वाचकाला दुसऱ्यासाठी उत्सुक ठेवणे ही लेखनयुक्ती या व्यापारी तजविजीतून पक्की झाली. १८९४ मध्ये म्यूडी आणि स्मिथ या दोन मोठ्या वाचनालयांनीच तीन खंडांच्या पद्धतीला विरोध केला आणि ती पद्धत अस्तास गेली. भाड्याने आणून वाचण्याची सवय मात्र टिकली.

त्याच काळातील जॉर्ज रेनॉल्ड्स हा लेखक मराठी वाचकाला परका नाही. उच्चभ्रू इंग्रज टीकाकारांनी त्याची उपेक्षा केली, पण हिंदुस्थानात त्याची पुस्तके अफाट वाचली गेली, आणि हरिभाऊ आपटे यांनी ‘मधली स्थिती’ या आपल्या कादंबरीची उभारणी त्याच्या लंडनविषयक कादंबरीच्या आधारे केली, हे वाङ्मयेतिहासात नमूद आहे. याच रेनॉल्ड्सने १८४६–४७ मध्ये ‘वॅग्नर’ या नरवृकाची कथा साप्ताहिकातून क्रमशः लिहिली होती. त्याचा नायक तारुण्य व संपत्ती यांच्या मोबदल्यात शाप पत्करतो आणि दरमहा लांडगा होतो. अर्थात् त्याच्या हातून अजून भयकथाच लिहून झाली, प्रणयकथा नव्हे. नरवृकाला प्रियकर होण्यास आणखी दीडशे वर्षे लागावयाची होती.

विसाव्या शतकात या धंद्याला स्थिर घडी बसविली ती मिल्स अँड बून या संस्थेने. जेरल्ड मिल्स आणि चार्ल्स बून या दोघांनी १९०८ साली लंडनमध्ये ती स्थापिली. आरंभी ती सर्व प्रकारची पुस्तके काढी, आणि जॅक लंडनसारख्या लेखकाचीही पुस्तके तिने छापली. १९३० च्या सुमारास मंदीच्या दिवसांत तंबाखूच्या व वर्तमानपत्रांच्या दुकानांतून दोन पेन्सला पुस्तक भाड्याने देणारी छोटी वाचनालये जागोजाग निघाली. त्यांना नित्य नव्या, खात्रीच्या, सुखान्त प्रेमकथा हव्या होत्या. ही गरज ओळखून बून यांनी सर्व भर तिकडेच दिला. पुस्तकांची बांधणी तपकिरी रंगाची असे, आणि वाचक लेखिकेचे नाव न घेता ती तपकिरी पुस्तके मागत. माला म्हणून ओळख पटणे आणि त्या ओळखीवर विश्वास बसणे, ही या व्यवसायाची खरी पुंजी तेथे जमा झाली.

याच काळात जॉर्जेट हेयर या लेखिकेने ऐतिहासिक शाखेला विद्वत्तेची बैठक दिली. आजारी भावाच्या मनोरंजनासाठी किशोरवयात रचलेली तिची पहिली कादंबरी १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९३५ च्या ‘रीजन्सी बक’पासून तिने १८११ ते १८२० हा राजप्रतिनिधीच्या कारभाराचा काळ आपलासा केला. तिच्या टिपणवह्यांत वेश, टोप्या, दुकाने, घरखर्च, किमती अशी सदरे होती. अमुक वर्षी मेणबत्त्यांचा भाव काय होता, याचीही नोंद ती ठेवी. वाचकाला तो काळ खरा वाटतो तो या दप्तरी मेहनतीमुळे, आणि पुढे या शाखेत लिहिणाऱ्या प्रत्येकीने तिचे ऋण मानावे, एवढे तिचे कार्य मोठे आहे.

पुढची हकीकत अटलांटिकपलीकडची. १९४९ साली कॅनडातील विनिपेग येथे रिचर्ड बॉनिकॅसल यांनी हार्लेक्विन ही स्वस्त पुस्तकांची संस्था काढली. त्यांच्या पत्नी मेरी यांना मिल्स अँड बूनच्या सौम्य प्रेमकथा विशेष आवडत. त्यांच्या निवडीने १९५७ पासून त्या तेथे पुनर्मुद्रित होऊ लागल्या, आणि १९७१ मध्ये हार्लेक्विनने मूळ संस्थाच विकत घेतली. नवे अधिकारी लॉरेन्स हायसी साबण व घरगुती वस्तूंच्या व्यापारातून आलेले असल्यामुळे, स्त्रिया जेथे खरेदीस जातात तेथेच पुस्तक पोहोचले पाहिजे, हे त्यांनी जाणले आणि किराणा दुकानांतून पुस्तके मांडली. दरमहा ठरावीक संख्येने, ठरावीक आकारात, अनुक्रमांक घालून निघणारी माला हा पुस्तकविक्रीतला एक मोठा पालट होता.

या बखरीत एक काळे पानही आहे, आणि ते वगळून चालणार नाही. १९७२ साली कॅथलीन वुडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ ही दीर्घ ऐतिहासिक कादंबरी निघाली आणि तिच्या मागोमाग अशा कादंबऱ्यांची लाट आली. स्त्रीच्या कामनेला त्यांत प्रथमच मोकळी वाचा मिळाली, हे त्यांचे श्रेय. परंतु त्यांतील कित्येकींत नायक नायिकेवर बळजबरी करतो आणि तरीही अखेर तोच तिचा वर ठरतो. ज्या वाङ्मयाचा पाया प्रतीक्षेवर घातला गेला होता, त्याने येथे तो पाया सोडला. समाधानाची गोष्ट अशी, की सुधारणाही वाचक-लेखिकांच्या आतल्या वर्तुळातूनच झाली; पुढच्या दोन दशकांत असले नायक मागे पडत गेले, आणि नायिकेची स्पष्ट संमती हा प्रसंगाच्या रचनेचाच भाग झाला.

आणि येथेच नरवृक परतला. १९९४ च्या सुमारास सुझान क्रिनार्ड यांनी त्याला प्रणयकादंबरीचा नायक केले, आणि २००० नंतर तर या शाखेचा मोठा विस्तार झाला. फिजीत जन्मलेल्या आणि न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या भारतीय वंशाच्या नलिनी सिंग यांची २००६ साली सुरू झालेली माला या शाखेत अग्रगण्य मानली जाते. तिच्यात बिबटे आणि लांडगे यांची रूपे घेणाऱ्या माणसांचे संपूर्ण समाज उभे केले आहेत. कळप, कळपाचा प्रमुख, त्याची जन्माची जोडीदारीण ही सर्व परिभाषा प्राणिशास्त्रातून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांवर लिहिलेल्या निबंधातून आणि डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथातून झुंजून प्रमुखपद मिळविणाऱ्या लांडग्याची कल्पना रूढ झाली. पण रानातील कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिले यांचे कुटुंबच असते, असे पुढे मेक यांनीच १९९९ मध्ये दाखवून दिले. या शाखेतील उत्तम कादंबऱ्या वाचताना जाणवते, की त्यांच्या लेखिकांना हे दुसरे सत्य गवसले होते. त्यांचा नायक गुरगुरतो प्रमुखासारखा, आणि वागतो मात्र घरच्या कर्त्या माणसासारखा. दैवाने जोडी नेमलेली असली, नायकाच्या रक्ताला ती पहिल्या भेटीतच उमगलेली असली, तरी नायिका जोवर स्वतःच्या तोंडाने मान्य करीत नाही तोवर त्याने थांबावयाचे असते, आणि कादंबरीची बहुतेक पाने या थांबण्याचीच असतात.

उमराव आणि नरवृक यांचे नाते ते हेच. एकाचे बळ किताब, जमीनजुमला आणि कायदा यांचे; दुसऱ्याचे दात आणि नखे यांचे. दोघांनाही ते बाजूस ठेवावे लागते, तेव्हाच कथा पुरी होते. जुलिया क्विन यांच्या २००० साली सुरू झालेल्या ब्रिजर्टन मालेत आठ भावंडे आहेत, त्यांची नावे इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या आठ अक्षरांनी अनुक्रमे सुरू होतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक पुस्तक येते. पहिल्या पुस्तकात कोपऱ्यात उभे असलेले माणूस चौथ्यात नायक होते. ज्यांचे लग्न आपण पाहिले त्यांचा संसार पुढे ओझरता दिसत राहतो. शेवट सुखाचा होणार, हे ठाऊक असूनही वाचक आठही पुस्तके का वाचतो, असा आक्षेप घेतला जातो. अभंगाचे पालुपद ठाऊक असूनही आपण प्रत्येक कडव्यानंतर ते नव्याने ऐकतो. कारण प्रत्येक कडव्याने त्याचा अर्थ थोडा वाढविलेला असतो. येथेही मनुष्य बदलते, संकोचाचे आणि भयाचे कारण बदलते, आणि म्हणून त्या एका उत्तराचे मोलही बदलते.

जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने १९८४ साली एका शहरातील प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. दिवसभर इतरांची उस्तवार करणाऱ्या त्या गृहिणींना पुस्तक हाती घेतल्यावरचा वेळ हा केवळ स्वतःचा वाटे, असे तिला आढळले. या वाचनाला पलायन म्हणून हिणविणाऱ्यांनी एक तारीखही ध्यानात घ्यावी. विवाहित स्त्रीलाही पतीला नकार देण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनाने १९९१ मध्ये प्रथम मान्य केली. श्वापदाने सुंदरीचा नकार मुकाट्याने ऐकून घेतला त्याला तेव्हा अडीचशे वर्षे लोटली होती. एवढा काळ ज्या वाङ्मयाने हा न्याय, चुकतमाकत का होईना, घरोघरच्या वाचकांपुढे मांडला, ते हौसेने, उघडपणे आणि एकामागून एक भाग मागवून वाचण्याचा वाचकाचा हक्क निर्विवाद आहे. आणि वाङ्मयाचा इतिहास लिहिणाराने त्याची नोंद तळटिपेत न करता मुख्य प्रकरणात केली पाहिजे.