अंतराळात चला, सांगणारी अभिनेत्री

अंतराळवीराचे चित्र काढा, असे वर्गात सांगितले तर मुले कोणाचे चित्र काढतील? १९५९ साली अमेरिकेच्या ‘नासा’ने निवडलेले पहिले सातही अंतराळवीर गोरे पुरुष होते आणि लष्करी वैमानिक होते. पुढे जवळजवळ वीस वर्षे तेथे एकाही स्त्रीची निवड झाली नाही. हे चित्र बदलण्यात निशेल निकोल्स या अभिनेत्रीचाही वाटा आहे.

निकोल्स यांचा जन्म १९३२ साली शिकागोजवळच्या रॉबिन्स गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आधी त्या गायिका होत्या. १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी अवकाशयानावरील संदेशवहन अधिकारी उहुरा साकारली. कृष्णवर्णीय अभिनेत्रींना मोलकरणीखेरीज इतर भूमिका क्वचितच मिळत, तो हा काळ. वर्षभराने त्या रंगभूमीकडे वळणार होत्या. पण मार्टिन ल्यूथर किंग यांनी आग्रह केल्यामुळे आपण थांबलो, असे त्या सांगत.

मालिका १९६९ साली संपली. नंतर स्पेस शटलसाठी नासाला वैमानिकांबरोबर शास्त्रज्ञ, अभियंते आणि डॉक्टरही हवे होते. नियम बदलले, पण स्त्रियांचे आणि कृष्णवर्णीयांचे अर्ज फारसे येईनात. १९७७ साली नासाने हे काम निकोल्स यांच्यावर सोपवले. देशभर फिरून त्यांनी विद्यापीठांत व्याख्याने दिली, लोकांना अर्ज करण्यास सांगितले. एकूण आठ हजारांवर अर्ज आले. जानेवारी १९७८ मध्ये निवडलेल्या ३५ जणांत सहा स्त्रिया आणि तीन कृष्णवर्णीय पुरुष होते. त्यांपैकी ज्युडिथ रेझनिक आणि रोनाल्ड मॅकनेअर १९८६ च्या ‘चॅलेंजर’ अपघातात मृत्युमुखी पडले.

सगळे श्रेय निकोल्स यांना देता येईल का? आम्हांला तसे वाटत नाही. अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री सॅली राइड हिने विद्यापीठाच्या वृत्तपत्रातील जाहिरात वाचून अर्ज केला होता. उलट, १९९२ साली अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन हिने लहानपणी पडद्यावर उहुरा पाहिली होती आणि त्या प्रेरणेचा तिने वारंवार उल्लेख केला आहे.

निकोल्स २०२२ साली वारल्या. शिष्यवृत्तीची सूचना आपण फळ्यावर लावतो, ती सर्वांसाठीच असते. तरी मागच्या बाकावरच्या मुलीला “हे तुझ्यासाठीही आहे” असे जवळ जाऊन सांगावे लागते.